प्रमिलाला न आवडलेल्या कादंबऱ्या

मंडळी,

कोणी सक्करदऱ्याहून आलंय, कोणी बेसाहून, कोणी हिंगण्याची ड्यूटी संपवून कंपनीच्या गणवेशातच थेट इथे आलंय. वाचनालयाच्या खुर्च्या कमी पडल्या. मागे भिंतीला टेकून माणसं उभी आहेत. हे सगळं एका निवृत्त सरकारी नोकरदार बाईसाठी, जिने आयुष्यात कुठलीही निवडणूक लढवली नाही. ऊर भरून येतो. मघाशी प्रमिलाच्या मुलीला, स्नेहलला, मी म्हटलं, बघ गं, तुझ्या आईची गर्दी.

आता बोलायचं. कसं बोलायचं? इतकी वर्षं मी पुस्तकांबद्दल जे काही बोलले, ते प्रमिला मेश्रामशी भांडताना बोलले. समोर ती नाही, उलटून बोलायला कोणी नाही, आणि मी एकटीच बोलायचं, याची मला सवय नाही. तुम्हाला वाटेल, बाई आता रडणार. नाही. रडून झालं माझं. आत्ता मला राग आलाय.

शोकसभेत रागावू नये, कबूल. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलं होतं की गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. मी चांगलंच बोलणार आहे. राग त्यासाठीच आहे.

माझ्या आधी आपल्या वाचनालयाचे कार्यवाह देशकर सर बोलले. मनापासून बोलले, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ते म्हणाले, प्रमिलाताई फार मृदू होत्या. त्यांनी कधी कुठल्या पुस्तकाला नावं ठेवली नाहीत. प्रत्येक पुस्तकात त्यांना काहीतरी चांगलं सापडायचंच.

कोण ही बाई? मी तर ओळखत नाही हिला.

हसा. हसलात तर बरं वाटेल मला. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना तिने तोंडावर सांगितलेलं आहे की तुम्ही दिलेलं पुस्तक टाकाऊ होतं.

राग कशाचा, ते सांगते. देशकर सरांनी आत्ताच जाहीर केलं की वाचनालय तिच्या स्मरणार्थ एक पुस्तिका काढणार आहे. कादंबऱ्यांवरची तिची मतं. ही मतं तिने कधी कागदावर लिहिली नाहीत. आमच्या महिला वाचक मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती बोलून पाठवायची. मागे कुकरची शिट्टी, मिक्सरची घरघर, खाली भाजीवाल्याची हाळी, आणि मध्ये प्रमिला, एखाद्या लेखकाची सालटी काढत असायची. ती सगळी रेकॉर्डिंग्ज मी जपून ठेवली होती, आणि तिची तोंडी सांगितलेली जुनी मतं आठवून लिहून काढली होती. देशकर सरांनी मागितली, मी दिली. परवा त्यांनी पुस्तिकेची कच्ची प्रत माझ्या हातात ठेवली. उघडली. तिला आवडलेल्या कादंबऱ्या सगळ्या आहेत. न आवडलेली एकही नाही. एकही नाही, मंडळी!

मी फोन केला. सर म्हणाले, "मॅडम, गेलेल्या माणसाच्या नावावर कटू कशाला? आणि काही लेखक आपल्याच गावचे आहेत हो."

तर मला आज इथे एकच मागायचं आहे. ती पुस्तिका पूर्ण छापा. आवडलेल्यांसकट, नावडलेल्यांसकट. नाहीतर तिचं नाव त्यावर घालू नका.

का, ते सांगते. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

प्रमिला आणि मी सिव्हिल लाइन्समधल्या एकाच सरकारी कार्यालयात होतो. मी इंग्रजी वाचणारी. इंग्रजीच वाचणारी. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने आणि कादंबरी दुसऱ्या हाताने. ही नुकतीच बदलून आली होती. माझ्या टेबलापाशी उभी राहिली.

"काय वाचून राहिली वं?"

ओळख ना पाळख, सरळ वं! मी जरा ताठून सांगितलं. इंग्लंडमधला मोठा बंगला, मालकीणबाई, तिचे भाचे, वारसाहक्काचं भांडण. ती म्हणाली, दे झाल्यावर. दिली. आठवड्याने परत आणली.

"कशी वाटली?" मी विचारलं. माझ्या मनात होतं, हिला काय कळणार.

"चांगली आहे. पण मले एक सांग, यांच्या घरी रांधते कोण?"

"असेल ना एखादी कुक."

"तिचं नाव काय?"

मी पानं उलटली. नाव नव्हतं.

"बाप्पा! दिवसातून चारदा खातेत, अन् रांधणारीले नावच नाही? भाच्यायले बंगला भेटते का नाही, त्याच्याशी मले काय करायचं? मले तर त्या बाईचीच चिंता लागून राहिली होती."

त्या दिवशी माझं कॉन्व्हेंटचं वाचन बिघडलं. आजही इंग्रजी कादंबरी उघडली की मी आधी स्वयंपाकघरात डोकावून येते. आणि तिने माझं नाव ठेवलं, कॉन्व्हेंट. पुढे निवृत्तीपर्यंत, निवृत्तीनंतरही. "ए कॉन्व्हेंट, चहा घेतं का?" तिच्यामुळे मी मराठी कादंबरी वाचायला लागले, माझ्यामुळे तिने इंग्रजी. हिशोब चुकता. कोणी कोणावर उपकार केले नाहीत.

तिच्या वाचनाबद्दल एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक असली तरी सांगते, कारण मघाच्या भाषणात ती राहून गेली. तिचे आईवडील दीक्षाभूमीवर दीक्षेला उभे होते. प्रमिला तेव्हा आईच्या कडेवर. पुढे दरवर्षी दसऱ्याच्या गर्दीत वडील तिला खांद्यावर घेऊन तिथे जायचे, आणि परत येताना पुस्तकांच्या स्टॉलवरून पुस्तक घ्यायचे. त्या वर्षी नवा फ्रॉक असो की नसो, पुस्तक यायचंच. वडिलांना स्वतःला अक्षर लावत लावत वाचावं लागे. ते तिला वाचायला सांगायचे, आणि वाचून झालं की विचारायचे, "पटलं का?"

आवडलं का, असं नव्हे. पटलं का.

आणि ती "नाही" म्हणाली तर त्यांना आनंद व्हायचा, असं तिने मला सांगितलं. पोरगी पुस्तकाला नाही म्हणू शकते! मंडळी, ज्या आजीला पाटीला हात लावू दिला नव्हता, तिची नात छापील पुस्तक बाजूला ठेवून म्हणते, हे मला पटलं नाही. ही काय कटुता आहे? ही तिच्या घराने कमावलेली गोष्ट आहे. आणि तीच, देशकर सर, तुम्ही सौजन्य म्हणून खोडून टाकताय.

बरं, तिला काय आवडायचं? ते पुस्तिकेत आहे, पण तुम्ही ते गोड करून टाकलंय, म्हणून माझ्या तोंडून ऐका. दोन बहिणींची एक कादंबरी होती. एका घराचे दोन भाग, मध्ये सामाईक गच्ची, आणि वर्षानुवर्षं अबोला. पुस्तकभर दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. शेवटी आभाळ येतं, धाकटी घरी नसते, आणि थोरली स्वतःचे पापड उचलताना तिचेही उचलते. झाकून ठेवते. संपलं. प्रमिलाने ती कादंबरी आम्हा सगळ्यांना वाचायला लावली. मी म्हटलं, "अगं, पण त्या बोलल्या का पुढे?" तर माझ्यावर खेकसली.

"बोलल्या असत्या तर मी पुस्तक फेकलं असतं वं! माफी मागून, गळ्यात पडून रडल्या असत्या तर काय उरलं असतं? पापड उचलले ना? मंग झालं."

तिची मैत्रीही अशीच होती. भांडली की सॉरी म्हणायची नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात माझ्यासाठी तर्रीवालं काहीतरी जास्त असायचं.

आता न आवडलेल्या. देशकर सर, कान देऊन ऐका.

एका थोर राजावरची कादंबरी आली होती. उशीएवढी जाड. सगळ्या महाराष्ट्रात वाखाणलेली. मला अतिशय आवडली. आजही आवडते, आणि या बाबतीत प्रमिला चुकली असं मी आजही म्हणते. ती पूर्ण वाचून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "एवढी लढाई, एवढं रान, एवढा पाऊस, अन् या माणसाले एकदाही सर्दी झाली नाही?" मी म्हटलं, "तो राजा आहे." ती म्हणाली, "राजाले नाक नसते का? माणूस दिसत नाही मले यात. पुतळा घोड्यावरून फिरून राहिला नुसता. तुले घोडे आवडतात, म्हणून तू वाचते." आम्ही त्या राजाच्या सर्दीवरून पंधरवडाभर बोललो नाही. नंतर डब्यात तर्री आली. पण मत तिनेही बदललं नाही आणि मीही नाही.

मग ती पुण्याच्या नवरा-बायकोची कादंबरी. दोघंही मोठ्या पगारावर, दोघंही पुस्तकभर कॉफी पिऊन आयुष्याचा अर्थ शोधत बसलेले. प्रमिलाचं मत दोन वाक्यांचं. "यांच्या घरचा गॅस कधी संपत नाही का? संपला असता तर अर्थ भेटला असता." यापेक्षा चांगलं परीक्षण मी रविवारच्या पुरवणीत वाचलेलं नाही. आणि हे पुस्तिकेत नाही.

आता मुद्द्यावर येते. देशकर सर खाली बघताहेत, म्हणजे त्यांना कळलंय.

आमच्या वाचक मंडळाची एक रीत आहे. याच वाचनालयाच्या बाजूच्या खोलीत आम्ही शनिवारी बसतो, गोल करून. त्यात एक खुर्ची रिकामी ठेवतो. ती लेखकाची खुर्ची. ज्या कादंबरीवर बोलायचं, तिचा लेखक त्या खुर्चीत बसलाय असं धरायचं आणि त्याच्याकडे बघून बोलायचं. ही रीत प्रमिलाने पाडली. ती म्हणायची, पाठीमागे बोलणं सोपं असते. जे तोंडावर बोलता येत नाही ते बोलूच नका, अन् जे बोलाल ते त्याच्या तोंडावर बोला. या एका रितीमुळे आमच्यातल्या किती बायकांची जीभ सुधारली! स्तुती करणाऱ्यांचीसुद्धा. रिकाम्या खुर्चीसमोर खोटी स्तुतीही करवत नाही, करून बघा.

एका शनिवारी आपल्याच शहरातल्या एका लेखकांची कादंबरी होती. गाजलेली, पुरस्कार मिळालेली. वस्तीतल्या एका बाईची कहाणी. देशकर सरांनी आम्हाला न सांगता, आनंदाने, लेखकांनाच बोलावून आणलं. लेखक सर आत आले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, एकच रिकामी. ते जाऊन तिच्यावर बसले.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कोणी म्हणेना, सर, उठा, ती तुमचीच आहे पण तुमच्यासाठी नाही.

एकेक जण बोलली. हृदयस्पर्शी. वास्तवदर्शी. डोळ्यांत पाणी आलं. मीही तसलंच काहीसं बोलले, इंग्रजी मिसळून. मग प्रमिलाची पाळी. मी शेजारून पायानेच तिचा पाय दाबला. तिने पाय ओढून घेतला आणि खुर्चीकडे बघितलं. म्हणजे लेखक सरांकडे.

"सर, भाषा चांगली आहे तुमची. पण ही बाई पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रडून राहिली. आमच्या वस्तीत बायका एवढ्या रडत असत्या तर स्वैपाक कोणी केला असता? पोरं कोणी शाळेत घातली असती? आम्ही शाळेत गेलो ना सर, कोणीतरी घातलं म्हणूनच गेलो. माझी माय दिवसभर राबून यायची अन् रात्री शेजारणीच्या नवऱ्याची नक्कल करून आम्हाले हसवायची. ती बाई कुठं आहे तुमच्या पुस्तकात?"

लेखक सर म्हणाले, "मॅडम, मी वस्तीत जाऊन राहिलो आहे. अभ्यास केला आहे."

आणि ती म्हणाली, अगदी हळू आवाजात, "राहिले असाल सर. पण जेवले नसाल कोणाकडे. जेवले असते तर हसणं ऐकू आलं असतं."

देशकर सर माझ्याकडे असे बघत होते जणू मीच बोलले. लेखकांनी चहा घेतला नाही. नमस्कार केला आणि निघून गेले. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, ते समोर बसले होते." ती म्हणाली, "मंग? खुर्ची कशासाठी ठेवतो आपण?"

मंडळी, मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी तिला दोन दिवस सांगितलंच नाही. डोक्यावर चढली असती.

हे मत पुस्तिकेत नाही. का नाही? कारण ते लेखक आज पहिल्या रांगेत बसले आहेत. माझ्यानंतर ते बोलणार आहेत. आणि गंमत ऐका, त्यांच्या दुसऱ्या कादंबरीवरचं प्रमिलाचं मत पुस्तिकेत आहे! एवढंच छापलंय: "सरांची नवी कादंबरी बरी आहे. खरं हसू आहे ते." बस.

तिने काय म्हटलं होतं, ते मी तुम्हाला तिच्याच आवाजात ऐकवते. स्नेहलला विचारलं आहे. ती हो म्हणाली. मोबाईल माइकपाशी धरते. मागच्यांना ऐकू येतंय?

"ऐक वं कॉन्व्हेंट… थांब, गॅस कमी करते… हव. वाचली मी सरांची नवी. पहिलीपेक्षा बरी आहे. लय बरी नाही, बरी. यातही रडतेच ती. पण एका जागी भाजीवाल्याशी भांडता भांडता तिले हसू फुटते. मी थांबली तिथं. पुन्हा वाचलं. खरं हसू आहे ते, कुठंतरी कानानं ऐकलेलं आहे. मले वाटते, जेवले सर कोणाकडे. पण मागची अर्धी मले पटली नाही, ते शनिवारी सांगीन. खुर्ची ठेवजो."

पाणी द्या कोणीतरी.

ऐकलंत? बघा आता. तिची पहिली नापसंती काढून टाकली तर या "बरी"मध्ये काय उरतं? काहीच नाही. शिष्टाचार उरतो. लग्नातल्या जेवणाला म्हणतात तसं बरं. पण पहिलं मत माहीत असेल तर कळतं की हे "बरी आहे" तिने किती जपून, किती आनंदाने दिलंय. या बाईला ज्या लेखकाचं पटलं नव्हतं, त्याचं पुढचं पुस्तक तिने विकत आणून वाचलं, मंडळी. कुठेतरी हसू सापडतंय का, म्हणून पान न् पान शोधलं. आपल्यातल्या कितीजणांनी नाव ठेवलेल्या लेखकाला दुसरी संधी दिली आहे? मी तर नाही दिली. मी पुस्तक बंद करते ते बंदच करते.

शेवटच्या आजारपणात तिला आयसीयूतून साध्या वॉर्डात आणलं तेव्हा मी भेटायला गेले. नाकात नळी. उशापाशी एक रहस्यकादंबरी, तिच्या सुनेने दिलेली. मला म्हणाली, "घेऊन जा हे. खुनी कोण ते मले तिसऱ्याच पानावर कळलं." मी म्हटलं, "आता तरी लोकांना बोलणं सोड." ती म्हणाली, "आता तर वेळच नाही वं वाईट पुस्तकं वाचायले." मी पुस्तक उचललं आणि पिशवीत टाकलं.

ही ती बाई. मृदू नव्हती. खरी होती, आणि खरेपणा तिला महाग पडला तरी तिने कधी स्वस्तातला माल घरात आणला नाही. तिला तुम्ही गोडबोली करून ठेवणार असाल तर उद्या तिची नातवंडं ती पुस्तिका वाचतील आणि विचारतील, आजी सगळ्यांनाच छान म्हणायची का? काय सांगायचं त्यांना?

म्हणून, लेखक सर, मी आता तुम्हालाच विचारते. तुम्हाला आधी विचारलं नाही, मुद्दाम विचारलं नाही. देशकर सर तुम्हाला सांभाळून घेताहेत, पण तुम्ही सांभाळून घ्या असं म्हणाल्याचं माझ्या कानावर नाही. त्या शनिवारचं तिचं मत छापायला तुमची हरकत आहे का?

माइक द्या त्यांना. नको? बरं, इथूनच सांगा, मी लोकांपर्यंत पोचवते.

मंडळी, ते म्हणताहेत, "दोन्ही छापा. पहिलं आधी छापा."

मागे ऐकू गेलं? पहिलं आधी छापा, म्हणताहेत.

धन्यवाद, सर. मनापासून. प्रमिला इथे असती तर तिने तुमचं कौतुक केलं नसतं, पण तुम्हाला जेवायला नक्की बोलावलं असतं.

देशकर सर? आता तुम्ही. सभेसमोर सांगा. राजाची सर्दी, पुण्याचा गॅस, सगळं? तिच्या बोलीत, जसं बोलली तसं? मान हलवू नका, तोंडाने बोला… "पूर्ण छापू," म्हणाले. स्नेहल, ऐकलंस ना? राग गेला माझा. आता फक्त ती गेल्याचं उरलं आहे, ते तुमच्यासमोर काढत नाही.

उठू या सगळे. मागच्यांना सरकायला जागा द्या. दोन मिनिटं शांत उभे राहू. आणि माझी एक विनंती. या दोन मिनिटांत तिला आवडलेली पुस्तकं आठवू नका. तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं असं एक पुस्तक आठवा, जे तुम्हाला मुळीच पटलं नव्हतं आणि तरी चारचौघांत तुम्ही छान आहे म्हणत आलात. मनातल्या मनात, त्या लेखकाकडे बघून, एकदा खरं सांगा.

तिला याहून मोठी आदरांजली मला माहीत नाही.

जय भीम, प्रमिला.